टिटवीचा पाय: तीर्थपुरीजवळच्या गोदावरीत शिडाची होडी

होडी ठेवायची की विकायची, एवढंच ठरवायचं होतं. त्यासाठी ती पुण्याहून ओढत जालना जिल्ह्यात नेणं हा सर्वांत सरळ मार्ग नव्हता, हे मला मान्य आहे.

आधी होडीची ओळख. नाव टिटवी. सोळा फुटी, फायबरची, आत जेमतेम वाकून बसता येईल अशी केबिन. ट्रेलरवर चढवली की गाडीमागे जोडून कुठेही नेता येते. अट एकच: रस्त्यावर डोलकाठी आडवी, पाण्यावर उभी. डोलकाठी साडेसहा मीटर लांब आणि एकवीस किलो वजनाची आहे. एकवीस किलो म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या पोत्याहून कमी. पण पोतं पोटाशी धरून उचलता येतं. डोलकाठी बुडाच्या बिजागरीवर फिरवत वर न्यावी लागते आणि अर्ध्या वाटेत तिचा विचार बदलला तर ती कुठेही पडते.

टिटवी मी आणि माझी मैत्रीण रेवा, दोघींनी मिळून घेतलेली. रेवा डोलकाठी खांद्यावर घेऊन मागून रेटायची, मी पुढून दोर ओढायची. या पावसाळ्यात रेवा नोकरीसाठी रॉटरडॅमला गेली. मागे राहिले मी, टिटवी आणि नाशिकचे एक गृहस्थ, जे होडी विकत घ्यायला तयार होते आणि पुढच्या रविवारी बघायला येणार होते.

मी स्वतःला अट घातली. डोलकाठी एकटीने उभी करता आली आणि एकटीने उतरवता आली, तर टिटवी माझी. नाही तर नाशिकची. दर सुट्टीच्या दिवशी कुणाला तरी फोन करून ‘रिकामा आहेस का’ असं विचारणं माझ्याच्याने होत नाही.

मी यंत्र अभियंता आहे, त्यामुळे उपाय कागदावर चटकन सापडला. आडव्या डोलकाठीचा दोर पुढून ओढला तर ती वर येत नाही, नुसती बिजागरीत दाबली जाते. दोराला कोन हवा. म्हणून बुडापाशी दीड मीटरची एक आधाराची दांडी उभी लावायची आणि दोर तिच्या टोकावरून न्यायचा. डोलकाठी वर येते तशी दांडी पुढे आडवी होत जाते. दोर चार पदरी कप्प्यांमधून येतो, म्हणजे एका हाताने ओढता येतो, आणि सोडला तर खटका तो जागच्या जागी पकडून ठेवतो. काठी बाजूला कलंडू नये म्हणून डावीउजवीकडे एकेक ताण. सगळं घरी बनवलं. फक्त कधी वापरून बघितलं नव्हतं.

खडकवासल्याला बघता आलं असतं. पण तिथे चार ओळखीचे लोक असतात आणि ओळखीच्या लोकांपुढे फसायची माझी तयारी नव्हती. त्यात मामा दिवाळीपासून फोनवर म्हणत होता, “बंधाऱ्याचे दरवाजे टाकलेत. नदी ह्या काठापासून त्या काठापर्यंत भरलीय. आण की तुझी होडी.” मामाचं गाव तीर्थपुरीपासून थोडं पुढे, गोदावरीच्या काठावर. तिथे कुणालाच शिडाच्या होडीतलं काही कळत नाही, म्हणजे कुणी मध्ये पडणार नाही, असा माझा हिशेब होता. या एका वाक्यात माझ्या गणिताची सगळी चूक आहे.

शुक्रवार: पुणे ते तीर्थपुरी

पहाटे निघाले. नगर, शेवगाव, गेवराई, मग शहागडला गोदावरी ओलांडायची. एरवी सहा तासांचा रस्ता, पण मागे ट्रेलर असेल तर नऊ तास धरा. ताशी पन्नासच्या वर जाऊ नका आणि शेवगावच्या पुढे उसाच्या जोडट्रॉल्यांना ओलांडायची घाई करू नका. त्या डोलतात. दर थांब्याला ट्रेलरच्या चाकाचा आस हाताने चाचपून बघायचा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर पुढे जायचं नाही. जाण्यायेण्याचं डिझेल सहा हजारांच्या आत बसलं.

हमरस्ता सोडून अंतरवाली सराटीच्या चौकात चहाला थांबले. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, मधे हे छोटं चौकोनी आवार, आणि त्यात माझी निळी-पांढरी होडी. चहा येण्याआधी माणसं आली.

“ताई, रॉकेट हाय का?”

“होडी आहे.”

“मंग ह्यो खांब कशाचा?”

“डोलकाठी. तिला शीड लागतं. वाऱ्यावर चालते.”

विचारणारे आजोबा बराच वेळ टिटवीभोवती फिरले. मागे वाकून त्यांनी इंजिन शोधलं. सापडलं नाही. मग ते टपरीवाल्याला म्हणाले, “हिचे चहाचे पैसे घेऊ नको. बिचारीची मशीन चोरीला गेल्ती.”

मी खूप समजावलं. पैसे घेतले नाहीतच.

मामाच्या अंगणात पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मामी बाहेर आली, होडीवरचं नाव वाचलं आणि कपाळाला हात लावला.

“टिटवी? अगं, दुसरं पाखरू न्हाई का मिळालं तुला? ती तं पाय वर करून झोपती. आभाळ पडंल म्हून भ्या वाटतं तिला.”

“भीती वाटते म्हणून नाही, मामी. पडलं तर झेलायला.”

“हाव का? इवलुसे तिचे पाय,” मामी म्हणाली आणि आडव्या डोलकाठीकडे बघून हसायला लागली. “हा मंग टिटवीचा पाय व्हय!”

संध्याकाळी मामाबरोबर काठावर जाऊन जागा ठरवली. तुम्ही असली होडी घेऊन कुठल्याही गावात जाणार असाल तर एवढं एक लक्षात ठेवा: पाणी नंतर बघा, आधी वर बघा. नदीकाठी विहिरींच्या आणि मोटारींच्या विजेच्या तारा असतात, त्या लोंबतात, आणि डोलकाठी ॲल्युमिनियमची असते. मामाने कुठली तार कुठून कुठे जाते ते हात करून दाखवलं. मी तरीही प्रत्येक खांब मोजून घेतला. तारांपासून लांब, पाण्याकडे हलका उतार असलेली मोकळी, कडक जमीन मिळाली. पाटबंधारे कार्यालयात मामाने आधीच विचारून ठेवलं होतं. बंधाऱ्याच्या भिंतीकडे फिरकायचं नाही आणि पाण्यात लाइफ जॅकेट काढायचं नाही, एवढ्या दोन अटी होत्या.

रात्री येसराची आमटी, बाजरीची भाकरी आणि ठेचा. जेवताना मामाला सांगितलं, “उद्या डोलकाठी मी एकटी उभी करणार. कुणी हात लावायचा नाही.”

“बिलकुल,” मामा म्हणाला. “कुणी लावणार न्हाई.”

शनिवार: सकाळ

काठावर साधारण तीस माणसं होती.

मी कप्प्या जोडल्या, आधाराची दांडी लावली, बाजूचे ताण बांधले. सगळे शांतपणे बघत होते. मला वाटलं, जमलं. मी दोर हातात घेतला, एकदा ओढला, डोलकाठी टेकूवरून वीतभर उचलली गेली. आणि मामाच्या तोंडून निघालं, “आरं, भाची एकटी उचलून राह्यली आन् तुम्ही काय तमाशा बघता काय!”

मग जे झालं त्याचं तांत्रिक वर्णन करता येत नाही. बारा-चौदा हात एकदम डोलकाठीला लागले. शेजारचे बबनराव होडीत चढले. मी ओरडत होते, “सोडा! सोडा!” त्यांना ते “ओढा” असल्यासारखं वाटलं असावं असं नाही, त्यांना मी ऐकूच येत नव्हते. “उचला रे, बराबर धरा, हां, हां, हां!” आणि एकवीस किलोची डोलकाठी लग्नाच्या मांडवाच्या मेढीसारखी धाडकन उभी राहिली. माझा दोर तर ढिलाच होता. टाळ्या वाजल्या. कुणीतरी नारळ फोडला.

“मामा, मी सांगितलं होतं ना?”

“अगं, पण तू बहिणीची लेक,” मामा खरोखरच गोंधळून म्हणाला. “भाचीनं ओझं उचलायचं आन् मामानं हात बांधून उभं ऱ्हायचं? उद्या गावात तोंड कुठं दाखवू?”

असल्या भाराचं गणित अभियांत्रिकीत शिकवत नाहीत. मी काठी पुढून धरून ठेवणारा ताण पिनेने अडकवला. चाचणी वाया गेली होती. संध्याकाळी डोलकाठी उतरवताना हेच बारा-चौदा हात पुन्हा येणार होते, आणि रविवारी मी परत निघणार होते. नाशिकचे गृहस्थ मला डोळ्यांसमोर दिसायला लागले. चष्मा लावून टिटवीला टिचक्या मारून बघणारे.

तीर्थपुरीचा बाजार होता. चहा झाल्यावर लोक पांगले, मामा मोटारसायकल काढून जिलेबी आणायला गेला. काठावर मी आणि मामी उरलो.

होडी पाण्यात सोडण्याआधी शीड एकदा वर चढवून बघायचं असतं. मी शिडाचा दोर ओढला. हलला नाही. जोर लावला. दोन बोटं सरकला आणि अडकला. मी दुर्बीण लावून वर बघितलं. डोलकाठीच्या शेंड्यावर कडुलिंबाची डहाळी होती, ती मला माहीत होती. सकाळी मी आंघोळीला गेले असताना मामीने ती बांधली होती आणि होडीच्या नाकाला हळदीकुंकू लावलं होतं. वरवर बांधली असेल, असू दे, म्हणून मी सोडून दिलं होतं. आता दिसलं की ती लाल नाड्याने बांधली आहे, आणि तो नाडा शेंड्याच्या कप्पीमधून दोन वेढे देऊन गेला आहे. दोराबरोबर तो चाकात ओढला जाऊन गच्च बसला होता.

“मामी, हा नाडा त्या चाकातून ओवला होता का?”

“हाव. तिथं बरं भोक व्हतं,” मामी म्हणाली. “गुढीला बांधतो तसा बांधला. दिष्ट लागू नये म्हून.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, “काहून? चुकलं का माय?”

साडेसहा मीटर उंचीवरच्या गाठीला दुसरा इलाज नाही. डोलकाठी खाली आणायला हवी आणि पुन्हा वर न्यायला हवी.

आणि काठावर कुणीही नव्हतं.

हे माझ्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. शिरलं तेव्हा मला हसू आलं. साधं हसू नाही, थांबेचना.

“काय झालं गं? हसती काहून?”

“मामी, त्या दगडावर बसा. काहीही झालं तरी उठायचं नाही. हात लावायचा नाही.”

“आन् पडलं तं?”

“पडलं तर पळायचं. पण तिकडे, वरच्या बाजूला.”

मामी बसली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली, जणू ते हात तिचे नव्हते आणि केव्हाही उठून कामाला लागले असते.

लोक डोलकाठी उभी करण्याबद्दल बोलतात. खरी गोम उतरवण्यात आहे. चढवताना चुकलं तर ती परत जाते. उतरवताना ती तुमच्या हातून निघून जाते. सरळ उभी काठी आधी मागे झुकायला तयारच नसते, तिला ढकलावं लागतं, आणि मग एका क्षणी सगळं वजन दोरावर येतं. मी कप्प्यांचा दोर ताणून खटक्यात घेतला, दोन्ही बाजूचे ताण हाताने वाजवून बघितले, पुढची पीन काढली. एक हात काठीवर, एक दोरावर. ढकललं.

वजन आलं. दोर बोटांमधून एक वीत घसरला आणि मी तो खटक्यात दाबला. थांबला. आधाराची दांडी किंचित वाकली, माझ्या आकड्यांप्रमाणे वाकायला हवी होती तेवढीच.

“देवा,” मामी म्हणाली.

“बोलू नका.”

“मी देवाशी बोलून राह्यले. तू तुझं काम कर.”

हातभर सोडायचा, खटका. हातभर, खटका. मधेच नदीवरून वाऱ्याची झुळूक आली, काठी डावीकडे गेली आणि उजवा ताण टणकन वाजला. पण ताणाने काठी धरली. ताणाचा तो आवाज मी अजून विसरलेले नाही. आपण केलेली वस्तू आपलं ऐकते, त्याचा तो आवाज होता. पुढच्या काही हातांत काठी टेकूवर येऊन अलगद टेकली, बाळ पाळण्यात ठेवावं तशी.

मामीने मांड्यांखालून हात काढले आणि झटकले. “मुंग्या आल्या,” ती म्हणाली. दोन्ही अर्थी खरं असणार.

नाडा कापला. डहाळी काढून डोलकाठीच्या बुडाशी बांधली, तिथे ती कुणाच्या कामात येत नव्हती. मग लगेच, धीर आटायच्या आत, दोर ओढायला घेतला. या वेळी माझा दोर ताठ होता. एकवीस किलो माझ्या एका हातात येत होते, हळूहळू, कप्प्यांची कुरकुर ऐकत. काठी अर्ध्यावर, आभाळात तिरकी. तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला.

मामाने काय बघितलं असेल ते मला कळतं. भाची एकटी, तिच्या डोक्यावर तिरका खांब, आणि बायको दगडावर बसून मजा बघते आहे. जिलेबीची पिशवी हँडलला तशीच, गाडी आडवी टाकून तो धावत सुटला. “धर! धर! मी आलो! आलो गं पोरी!”

“हात लावाल तं बघा!”

मामी दगडावरून उठली होती. नियम मोडला होता, पण होडीकडे येऊन नाही; ती मामाच्या आडवी उभी राहिली होती, दोन्ही हात पसरून, कबड्डीतल्यासारखी. मामा डावीकडे गेला, ती डावीकडे. तो उजवीकडे, ती उजवीकडे.

“अगं येडी का खुळी तू! पडंल तिच्या अंगावर!”

“न्हाई पडत! आत्ता खाली घेतला तिनं, एकटीनं! म्या बघितलं! आता वर घेऊन राह्यली. मुकाट्यानं उभं ऱ्हावा!”

“अगं पण लोक काय म्हणतील?”

“लोक बाजारात गेलेत!”

मी हसत होते. डोलकाठी उभी करताना हसू नये, पोटातला जोर जातो, हे वाचकांसाठी नोंदवून ठेवते. शेवटचे दोन हात मी हसत हसतच ओढले. काठी सरळ झाली, पुढचा ताण बसला, पीन गेली. मी हात सोडले आणि मागे सरले. टिटवीचा पाय आभाळाला लागलेला होता.

मामाने वर शेंड्याकडे बघितलं. मग म्हणाला, “आन् सकाळी आमचे बारा हात कशाला लागले?”

“तेच मी रात्री म्हणत होते.”

“व्हय,” तो म्हणाला. “पण मामानं हात पुढं करायचा असतो.” आणि आडव्या गाडीखालून जिलेबी काढायला गेला. निम्मी वाचली होती.

शनिवार: दुपार

शीड झरझर वर गेलं. ट्रेलर पाण्यात ढकलताना मात्र मी मामाला हात लावू दिला. त्याला त्याचा खूप आनंद झाला.

होडीत पहिला मान कुणाचा, यावर वाद झाला नाही. मामीने पदर खोचला, त्यावरून नारिंगी जॅकेट चढवलं आणि येऊन बसली. वारा हलका, ईशान्येकडून, आम्हाला पलीकडे जायला मागून तिरका मिळणारा. म्हणजे उत्तमच. शीड भरलं, होडी किंचित कलली, बुडाखाली पाणी बोलायला लागलं. इंजिनचा आवाज नाही, वल्ह्याचा नाही. मामीने वाकून होडीच्या मागे-पुढे बघितलं. मग मला म्हणाली, “कोण ओढतंय गं?”

“वारा.”

“फुकट?”

“फुकट.”

पलीकडचा काठ बीड जिल्ह्यात आहे. तिथल्या गावात मामीची धाकटी बहीण दिलेली आहे. समोरासमोर गाव, पण जायचं तर पुलावरून मोठा फेरा, म्हणून भेट लग्नाकार्यातच. मामीने जॅकेटमधून मोबाईल काढला. “अगं सुमे, नदीवर ये. आत्ता. मी पाण्यातून येऊन राह्यले. अगं बुडाले न्हाई, होडीत हाय!”

आम्ही काठाला लागलो तेव्हा सुमा मावशी उसाच्या बांधावरून पळत येत होती, हातात चहाची किटली आणि मागे अर्धी आळी. दोघी बहिणी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून भेटल्या. मी सुकाणूपाशी बसून दुसरीकडे बघत राहिले. अशा वेळी मला काय करायचं ते नीट कळत नाही. मग किटली माझ्यापर्यंत आली आणि तेही सुटलं.

परतताना मधल्या पाण्यात वारा मेला. वल्हं मारावं लागलं. मामीने तेही मागून घेतलं. आता हात लावायची मनाई नव्हती.

उन्हं उतरताना डोलकाठी उतरवायची होती. बाजारातून परतलेलं सगळं गाव काठावर जमलं होतं, सकाळपेक्षा जास्त. मी दोर घेतला आणि मागे वळून बघितलं. मामाने तुरीच्या वाळक्या काडीने जमिनीवर एक लांब रेघ ओढली होती आणि लोकांना तिच्यामागे उभं केलं होतं.

“बबनराव, पाय मागं! कुणी हात लावायचा न्हाई! आमची भाची एकटी करती!”

हातभर, खटका. हातभर, खटका. काठी टेकूवर टेकली तेव्हा सकाळपेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या, आणि त्यातल्या सगळ्या माझ्या होत्या. मी मान हलवून दोर गुंडाळायला घेतला. चेहरा मात्र पुष्कळ वेळ जागेवर येत नव्हता.

पुणे

रविवारी पहाटेच निघाले, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर बांधून. रस्ता तोच, ट्रॉल्या त्याच. घरी पोचल्यावर आधी नाशिकला फोन केला आणि माफी मागितली. मग रेवाला लिहिलं की तिचा हिस्सा मी घेते. तिचं उत्तर आलं: “एकटीने? खोटं.” मी तिला मामाने काढलेला व्हिडिओ पाठवला. त्यात निम्मा वेळ त्याचा अंगठा आहे आणि उरलेला वेळ मामीचा आवाज.

हिशेब मांडायचा तर असा. चाचणी मी एकदा करणार होते, ती तीन वेळा झाली, दोनदा खाली आणि एकदा वर, आणि त्यातल्या पहिल्या दोन केवळ एका नाड्यामुळे. तो नाडा योग्य ठिकाणी बांधला असता तर मी आज टिटवीशिवाय असते. यातून काही नियम निघत नाही. काठी उभी करण्याआधी शेंड्यावरची कप्पी तपासा, एवढा मात्र निघतो. डहाळी वाळली, ती मी फेकलेली नाही.

टिटवी सध्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहे, ताडपत्रीखाली, डोलकाठी आडवी. मामीचा दर रविवारी फोन येतो. तब्येत, पाऊस, कापूस होतो, आणि मग तो प्रश्न.

“टिटवीचा पाय वर हाय का खाली?”

“खाली आहे, मामी.”

“मंग आभाळ कोण धरून राह्यलं?”

मी गॅलरीतून खाली ताडपत्रीकडे बघते. दोर कोरडा, खटका तेल दिलेला, पीन जागेवर.

“सध्या सोडलंय तसंच,” मी म्हणते. “लागलं तर उचलते.”